कशावरूनबाई

शाळेत मुलं प्रत्येक शिक्षकाला एक नाव ठेवतात, आणि ते नाव त्या शिक्षकाला सोडून सगळ्या जगाला माहीत असतं. मुख्याध्यापक दिवसभर वऱ्हांड्यात येरझारा घालायचे म्हणून त्यांचं नाव 'लंबक' होतं. ते त्यांना निवृत्त होईपर्यंत कळण्याची शक्यता नव्हती. इतिहासाच्या बाईंना मात्र आपलं नाव नोकरीच्या सुरुवातीच्या काही वर्षांतच कळलं. एका मुलाने घाईगडबडीत वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकलं होतं: विषय इतिहास, शिक्षिका कशावरूनबाई. बाईंनी वही तपासली, सही केली आणि नाव तसंच राहू दिलं.

नाव काही उगीच पडलं नव्हतं. वर्गात कुणी काही ठामपणे म्हटलं की बाई मान किंचित कलती करून विचारायच्या, "कशावरून?" राजा शूर होता. कशावरून? लोक सुखी होते. कशावरून? भाजीवाला म्हणाला की भाजी आज सकाळचीच आहे, तर त्यालाही तोच प्रश्न. तरुणपणी त्यांना स्थळं सांगून यायची. मध्यस्थ म्हणायचे, मुलगा अगदी निर्व्यसनी आहे हो, आणि बाई पडद्यामागून बाहेर येऊन विचारायच्या, कशावरून? पुढे मध्यस्थांनी त्या घराचा रस्ताच सोडला. बाईंना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. आईला काही वर्षं वाटलं, मग तीही थकली.

ही खोड जन्मजात नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाई चारचौघांसारख्याच शिकवत: पुस्तक उघडायचं, वाचायचं, फळ्यावर उत्तरं लिहून द्यायची. एकदा त्यांचं डोकं ठणकत होतं, आणि त्या भरात त्यांनी फळ्यावर हरलेल्या राजाला जिंकवून टाकलं. चूक कळली ती परीक्षेचे पेपर तपासताना. हुशार, ढ, मधली, सगळ्या पोरांनी तो हरलेला राजा सुवाच्य अक्षरात जिंकवला होता. पुस्तक प्रत्येकाच्या दप्तरात होतं, पण हात एकानेही वर केला नव्हता. खरं तर हसण्यासारखी गोष्ट, पण बाईंना भीती वाटली. आपण उद्या काहीही सांगितलं तरी ही पोरं मुकाट्याने लिहून घेणार, आणि मोठी झाली की आणखी कुणाचं तरी तसंच लिहून घेणार.

तेव्हापासून त्या वर्गात अस्सल जुन्या वस्तू आणायला लागल्या. जुनी बसची तिकिटं, दवाखान्याची चिठ्ठी, पाणी तोडल्याची नगरपालिकेची नोटीस, कुणाच्या तरी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. कुठे जुनं घर पाडताहेत असं कळलं की बाई पिशवी घेऊन हजर. एकदा त्यांना पत्र्याची एक पाटी मिळाली: 'भिंतीवर थुंकू नये.' ती टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, यावरून काय कळतं? पहिल्या बाकावरच्या मुलाने उभं राहून सांगितलं की त्या काळचे लोक फार स्वच्छ होते. मागून आवाज आला, "छे! लोक थुंकत होते. नाहीतर पाटी कशाला लावतील?" त्या दिवशी घरी जाताना बाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. शिक्षकांच्या खोलीत मात्र म्हणत, या बाईंच्या तासाला इतिहास कमी आणि भंगार जास्त.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात चार प्रश्न कायमचे लिहिलेले असत आणि ते पुसायची कुणाची टाप नव्हती. हे कुणी केलं? कधी केलं? कुणासाठी केलं? आणि तो होता तिथून त्याला काय दिसत नव्हतं? चौथा प्रश्न बाईंचा लाडका. त्या म्हणायच्या, प्रत्येक माणूस कुठेतरी उभा असतो, तिथून त्याला थोडं दिसतं आणि पुष्कळसं दिसत नाही, म्हणून तो लबाड ठरत नाही. सगळं पाहून झालं की प्रत्येकाने आपला निष्कर्ष लिहायचा. उत्तर बाई कधीच सांगत नसत. त्यांचा नियम असा एकच होता, की कुणाचाही प्रश्न अडवायचा नाही. एकदा लंबक तास बघायला आले असताना एका मुलाने त्यांनाच विचारलं, "सर, तुम्ही शाळेत सगळीकडे 'शांतता राखा' लिहून ठेवलंय, ते आमच्यासाठी की बाहेरून येणाऱ्या साहेबांसाठी?" लंबक लालबुंद झाले. बाईंनी मुलाला अडवलं नाही, आणि तास संपल्यावर जी बोलणी खावी लागली ती निमूटपणे खाल्ली.

बाई आईवडिलांजवळ राहायच्या. त्यांचे बाबा गावातल्या एकुलत्या एक थिएटरात ऑपरेटर होते, म्हणजे वरच्या केबिनमध्ये बसून सिनेमाची मशीन चालवायचे. थिएटर बंद होऊन जमाना लोटला होता, पण बाबांची एक गोष्ट गावात अजून चालू होती. ती बाईंच्या जन्माच्या आधीची. दुपारचा खेळ, थिएटर खचाखच भरलेलं. पडद्यामागच्या खोलीत जुनी पोस्टरं आणि खुर्च्यांचा काथ्या साठवलेला होता, त्याने पेट घेतला. वरच्या झरोक्यातून पडद्याच्या कडेला धुराची बारीक रेघ दिसली. 'आग' म्हणून ओरडलं असतं तर चेंगराचेंगरीतच माणसं गेली असती. म्हणून बाबांनी काय केलं, तर मशीन थांबवली आणि 'मध्यंतर' लिहिलेली काच लावून दिली. पडद्यावर मध्यंतर आलं, दिवे लागले, डोअरकीपरांनी सवयीने दारं उघडली, आणि "आज लवकर झालं की" असं कुरकुरत लोक चहाला बाहेर आले. बाबाही धावत खाली आले. शेवटचा माणूस बाहेर पडतो न पडतो तोच पडदा भडकला. पण माणसाच्या केसालाही धक्का लागला नाही.

मालकाने सत्कार केला, वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. समोरच्या फोटो स्टुडिओवाल्याने मागच्या बाजूने धूर निघताना पाहिला होता, त्याने कॅमेरा घेऊन रस्त्यावर धाव घेतली आणि दारातून बाहेर पडणाऱ्या गर्दीचा फोटो काढला. त्या फोटोत बाबा होते. तो चौकटीत बसून त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर आला. पाहुणा आला की बाबा आधी फोटो दाखवायचे, मग गोष्ट सांगायचे, आणि सांगायचे तेही झकास. आई नेमकी तेव्हा चहा टाकायला उठायची. ऐकून ऐकून तिचे कान किटले असतील, असं सगळे समजत.

गेल्या वर्षापासून मात्र बाबांचं सांगणं आटलं होतं. सांगायला माणसंच उरली नव्हती. बरोबरीचे एकेक करून गेले, आणि जे होते त्यांना ऐकू येत नव्हतं. बाबा दिवसभर खिडकीशी बसून असत आणि कुणी काही विचारलं तर "बरं आहे" एवढंच म्हणत. बाईंचा जीव त्यांच्यासाठी तुटायचा. एक दिवस त्यांच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण पोरांना कागद दाखवतोय, आता इतिहासाचं एक चालतं-बोलतं साधन दाखवू. स्वतः तिथे असलेला माणूस. मुलं प्रश्न विचारतील, बाबांना पुन्हा तरतरी येईल, आणि शिकवणंही होईल.

इथे बाईंचं चुकलं, आणि चुकलं ते इतिहासाच्या शिक्षकाचंच चुकावं तसं. जगातल्या प्रत्येक चिठोऱ्याला त्यांनी आपले चार प्रश्न विचारले होते. घरातल्या भिंतीवरच्या फोटोला एकही नाही. तो फोटो त्यांच्या लेखी साधन नव्हताच मुळी. ते त्यांचे बाबा होते.

ठरल्या दिवशी बाबांनी गुळगुळीत दाढी केली, बूट पुसले, छापून आलेल्या चार ओळींचं कात्रण खिशात घातलं आणि फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून काखोटीला मारला. वर्गात त्यांनी गोष्ट अशी रंगवली की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. टाळ्या पडल्या. मग प्रश्न सुरू झाले. तुम्हाला भीती वाटली का? सिनेमा कुठला होता? उरलेला सिनेमा लोकांना परत दाखवला का? बाबा प्रत्येक प्रश्नाला खुलत होते. बाई मागे उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या आणि मनातून आनंदल्या होत्या.

त्या वर्गात 'भिंग' नावाने ओळखली जाणारी एक मुलगी होती. कुठलीही वस्तू आली की बाईंच्या टेबलावरचं भिंग पहिल्यांदा तीच पळवायची. तिच्या वडिलांची बसस्थानकासमोर चहाची टपरी होती. इतका वेळ ती फोटोवर डोळा लावून बसली होती.

"आजोबा, हातात ग्लास आहे ते तुम्हीच ना?"

"मीच. बघ, डोक्यावर केस किती होते!"

वर्ग हसला. भिंग हसली नाही. "तुमचा ग्लास अर्धा संपलाय. पण बाकी कुणाच्या हातात ग्लासच नाही, लोक तर अजून दारातून बाहेर येतायत. आमच्या टपरीवर बस आली की झुंबड उडते, पहिला चहा हातात पडायलाच वेळ लागतो. मग तुम्ही वर काच लावून, जिना उतरून, सगळ्यांच्या आधी चहा कसा प्यायलात?"

बाबांनी फोटो जवळ ओढला. "टपरीवाला ओळखीचा होता ना. माझा ग्लास तो भरूनच ठेवायचा."

"अच्छा," भिंग म्हणाली आणि तिने ते लिहून घेतलं. मग पुन्हा फोटोवर वाकली. "हा बाजूचा लोखंडी जिना केबिनचा का? त्याच्यावर एक ताई आहेत. त्यांच्या हातात डबा आहे."

"ती... ती माझी बायको. जेवणाचा डबा घेऊन यायची."

"पण त्या वर जात नाहीयेत, खाली उतरतायत. तोंड आपल्याकडे आहे. म्हणजे त्या वर होत्या, आणि तुम्ही खाली..."

"बास," बाई म्हणाल्या. "वेळ झाली."

वेळ झाली नव्हती. सगळ्या वर्गाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे. भिंगने हातातलं भिंग टेबलावर नेऊन ठेवलं आणि जाता जाता हळूच विचारलं, "बाई, निष्कर्ष कधी लिहायचा?" पुढच्या तासाला, असं बाई म्हणाल्या आणि फोटो घाईघाईने वर्तमानपत्रात गुंडाळू लागल्या.

घरी जाताना बागेच्या कोपऱ्यावर आले तसे बाबा थांबले आणि म्हणाले, "त्या पोरीला गप्प का केलंस?"

"बाबा, तास संपत आला होता."

"घड्याळ मलाही दिसतं." ते बाकावर बसले आणि त्यांनी फोटो मांडीवर घेतला. "पोरीची नजर चांगली आहे. काच मी नाही लावली. तुझ्या आईनं लावली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. केबिनमध्ये भट्टीसारखं तापायचं. रीळ लावलं की थोडी सवड मिळायची, तेवढ्यात ते खाली सटकायचे. मशीन सोडून जायची मुभा नव्हती, पण जायचे. त्या दिवशी आई डबा घेऊन आली. नवीनच लग्न झालेलं. तिला म्हणाले, जरा बस, आलोच मी. तिने त्यांना काच लावताना कितीदा तरी पाहिलं होतं. "मी खाली चहा पितोय, आणि बघतो तर लोक बाहेर यायला लागलेले! आता मध्यंतर कसं? माझी काच लावली कुणी? या फोटोत माझं तोंड बघ. गावाला ते शूराचं तोंड वाटतं. ते घाबरलेल्या माणसाचं आहे गं. मला वाटलं, गेली नोकरी."

बाईंनी फोटो हातात घेतला. वासलेलं तोंड, ताठ झालेली मान, कलंडलेला ग्लास. सगळं तिथेच होतं, त्यांच्या आयुष्यभर तिथेच होतं. त्यांना बाबांचा राग आला नाही. स्वतःचा मात्र इतका आला की डोळ्यांत पाणी आलं.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. दोघांची तोंडं बघूनच ती समजली. "तुला कुणी सांगितलं होतं यांना शाळेत न्यायला?" ती लेकीवर उखडली. "आपल्या बापालाही भंगारात काढलंस ना?"

"आई, काच तू लावलीस."

"लावली. मग?"

"एवढी माणसं तू वाचवलीस! आणि इतकी वर्षं तू इथे बसून चहा टाकतेयस!"

"ओरडू नकोस. मालक धावत आला तेव्हा मीच म्हटलं, यांनी लावली. खरं सांगितलं असतं तर यांची नोकरी गेली असती, मशीन चालवायचा परवाना गेला असता. खाल्लं काय असतं?"

"ते तेव्हा. थिएटर बंद झाल्यावर तरी?"

आईने हातातला टॉवेल झटकला. "दिलेली वस्तू परत मागतात का कधी? ती गोष्ट सांगताना हे कसे दिसायचे ते तू पाहिलंयस. मी मागून घेतली असती तर ती मला पुरली असती दोन दिवस, आणि यांच्याकडे काही उरलं नसतं. आणि मला काहीच मिळालं नाही असं समजू नकोस हं. तुझे बाबा जन्मात माझ्यावर आवाज चढवून बोलले नाहीत. तुला वाटत असेल, स्वभावच गरीब."

बाईंना खरंच तसं वाटत होतं. बाबा खाली मान घालून उभे होते, आणि त्यांनी ते नाकारलंही नाही.

आता प्रश्न पुढच्या तासाचा होता. मुलं निष्कर्ष लिहिणार होती आणि भिंगचा प्रश्न अर्ध्यावर तोडलेला होता. बाबा म्हणाले, "मी जातो आणि खरं काय ते सांगून टाकतो." आई कडाडली, "तुम्ही काही सांगणार नाही. संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा होईल. या वयात लोकांनी हसायला हवंय का तुम्हाला?"

"मग मी काय करू?" बाई म्हणाल्या. "तिला परत गप्प केलं तर आजवर शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं. ती पोरं आता माझ्याकडे बघणार आहेत, फोटोकडे नाही."

आईने घड्या घातलेले कपडे उचलले, कपाटात ठेवले आणि कपाट लावून घेतलं. "मला ने," ती म्हणाली. "मीही होते की तिथे. तुला साक्षीदारच हवा ना?"

आई काय सांगणार हे बाईंना कळत होतं. त्यांनी खूप विचार केला. आईला अडवलं तर एक साक्ष दाबल्यासारखं होईल. मुलांना आपण सांगून टाकलं तर उत्तर फळ्यावर लिहून दिल्यासारखं. शेवटी त्यांनी ठरवलं की आपण मध्ये पडायचं नाही, साधनं समोर ठेवायची आणि बाजूला व्हायचं. हा प्रामाणिकपणा की पळवाट, हे त्यांचं त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

आई ठेवणीतले कपडे घालून आली. बाबा घरी थांबायला तयार नव्हते, ते शेवटच्या बाकावर मुलांच्यात जाऊन बसले. बाई आधी भिंगकडे वळल्या. "मागच्या तासाला मी तुझा प्रश्न अडवला. वेळ शिल्लक होता, तरी मी नाही म्हटलं. चूक माझी होती. आता विचार."

भिंग उभी राहिली. "आजी, काच कुणी लावली?"

"यांनी," आई म्हणाली. "मी डबा घेऊन वर गेले तर हे काच लावतच होते. लावली आणि धावले खाली. मग मी उतरले."

"आणि चहा?"

"तो यांनी आधीच वर मागवला होता. गडबडीत ग्लास हातातच राहिला."

मुलं हसली. इतकं नीटनेटकं खोटं वकिलालाही जमलं नसतं, असं बाईंच्या मनात आलं, आणि त्यांना आईचा अभिमान वाटावा की लाज हे कळेना. इतर मुलांनी दोन-चार प्रश्न विचारले, आईने सगळ्यांना पुरून उरणारी उत्तरं दिली. भिंग पेन्सिल चावत बसली होती. तिने पुन्हा हात वर केला.

"आजी, ती काच लावतात कशी?"

हा प्रश्न आईच्या तयारीत नव्हता. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि तिचे दोन्ही हात आपोआप वर आले. "आधी दिव्यासमोरची झडप पाडायची. पडद्यावर अंधार झाला पाहिजे. मग काच उलटी धरायची, म्हणजे तिकडे सुलटी दिसते. हात थरथरले तरी घाई करायची नाही, नाहीतर खाचेत तिरकी बसते. आणि ती असायची दिव्याच्या पेटीवर ठेवलेली, अशी तापलेली की बोट लावलं की फोड. डब्याचं फडकं होतं हातात म्हणून बरं, नाहीतर..."

ती थांबली. हात तसेच हवेत राहिले, मग तिने ते मांडीवर घेतले. काही मुलं खाली मान घालून लिहीत होती, त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं. भिंगच्या आलं होतं. तिने मान वळवून शेवटच्या बाकाकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "माझं झालं, बाई," ती म्हणाली आणि बसली.

त्या दिवशीचे निष्कर्ष बाईंनी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तपासायला घेतले. बहुतेकांनी काच आजोबांनी लावली असं लिहिलं होतं, कारण वर्तमानपत्रात तसं आहे आणि दोन्ही साक्षीदार तेच सांगतात. काहींनी 'नक्की सांगता येत नाही' लिहिलं होतं, तेही बाईंना पटलं. भिंगचा कागद त्यांनी मुद्दाम शेवटी घेतला. तो वाचून झाला, तरी लाल पेन हातातच राहिलं.

"काय झालं?" आईने विचारलं.

बाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला. आईने चष्मा लावला. खिडकीशी बसलेले बाबा म्हणाले, "त्या पोरीचा आहे ना? मोठ्यानं वाच."

आई नको म्हणू शकली असती. तिने एकदा बाबांकडे पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली.

"मध्यंतराची काच आजींनी लावली. पुरावे असे. चहाबद्दल आजोबा एक सांगतात आणि आजी दुसरं सांगतात. जिन्यावरच्या ताई वरून खाली येत आहेत. काच गरम असते आणि फडकं डब्याचं होतं, म्हणजे ज्यांच्याकडे डबा होता त्यांनीच काच धरली. वर्तमानपत्रवाला तेव्हा वर नव्हता, त्याला जे सांगितलं ते त्याने छापलं. आजोबा खरं सांगत नाहीत. आजीपण खरं सांगत नाहीत. आजी असं का करतात हे आपल्याकडच्या साधनांत नाही. मी त्यांना विचारणार होते, पण..."

आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पण आजोबा मागे बसले होते, म्हणून मी विचारलं नाही."

बाई म्हणाल्या, "किती गुण द्यावे कळत नाही. तू खोटं बोललीस असं लिहिलंय तिनं."

"मग, चुकीचं काय आहे त्यात?" आई म्हणाली. "पैकीच्या पैकी दे."

बाबा खिडकीपासून उठले. खुर्ची ओढत त्यांनी ती टेबलाशी आणली आणि आईच्या शेजारी बसले.

"ते पहिलं वाक्य परत एकदा वाच," ते म्हणाले.

"आत्ताच वाचलं की."

"परत वाच."

आईने कागद डोळ्यांजवळ धरला आणि परत वाचलं.